जिना जपताना

कलावंताचं घर बघायला आपण नेमकं कशासाठी जातो? चित्रं बघायला म्हणावं, तर चित्रं बहुतेक वेळा तिथे नसतातच. ती मोठ्या संग्रहालयांमध्ये गेलेली असतात. घरात उरतं ते घर. खिडकीतून येणारा उजेड, स्वयंपाकघरातली चूल, छताची उंची, पायाखालच्या फरश्या आणि एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर नेणारा जिना. तिथे जागा हीच बघायची वस्तू असते. चित्राची छापील प्रत निघते, झूम करून बघता येईल असा फोटो निघतो. खोलीत उभं राहण्याची प्रत निघत नाही.

म्हणून ज्याला जिना चढता येत नाही, त्याच्यासाठी असं घर म्हणजे साधी गैरसोय राहत नाही. नाटकाला खांबामागची खुर्ची मिळाली तरी नाटक निदान ऐकू येतं. इथे आत जाणं हाच सगळा प्रयोग असतो.

हे मला सुचायचं कारण उघड आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना टू-व्हीलरच्या अपघातात माझ्या डाव्या पायाच्या नसांना इजा झाली. तेव्हापासून पायाला ब्रेस आणि हातात कुबडी. सपाट रस्त्यावर अर्धा किलोमीटर मजेत चालते, त्यापुढे घडीची व्हीलचेअर लागते. कठडा असेल तर आठ-दहा पायऱ्या चढते आणि त्याची किंमत संध्याकाळी चुकवते. फोन सकाळी शंभर टक्के चार्ज आहे, पण दिवसभर चार्जर मिळणार नाही, अशा दिवशी तुम्ही ब्राइटनेस कमी करून, लोकेशन बंद करून फिरता ना? माझा प्रत्येक प्रवास तसा असतो. कुठल्या जागेवर किती टक्के खर्च करायचे, हे आधी ठरवावं लागतं.

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी तीन महिने नेदरलँड्समध्ये होते. शेवटच्या दोन आठवड्यांत आई आली. आम्ही दोघी अ‍ॅमस्टरडॅमला रेम्ब्रांटच्या घरी जाऊन आलो. हा लेख त्या सहलीबद्दल कमी आणि तेव्हापासून डोक्यात घोळत असलेल्या प्रश्नाबद्दल जास्त आहे. जुनी वास्तू आहे तशी जपायची, की सगळ्यांना आत येता येईल अशी करायची? या दोन गोष्टींचं एकमेकींशी भांडण आहे असं आपण धरून चालतो. ते कितपत खरं आहे?

तेरा हजार गिल्डरचं घर

रेम्ब्रांटने हे घर १६३९ मध्ये १३,००० गिल्डरला विकत घेतलं. तेव्हा तो जेमतेम बत्तीस-तेहतीस वर्षांचा होता. श्रीमंत व्यापारी त्याच्याकडून पोर्ट्रेट करून घेत होते, बायको सास्किया सधन घरातली होती. आपल्याकडे आयटीतली पोरं पहिल्या मोठ्या पगारावर ऐपतीबाहेरचा फ्लॅट बुक करतात, तसाच हा व्यवहार. योडेनब्रेस्ट्राट नावाच्या रस्त्यावरचं, अनेक मजल्यांचं घर. तळमजल्यावर प्रवेशाचं दालन, तिथे विक्रीची चित्रं लावलेली. आत बैठकीची खोली, तिथे कपाटासारखा बंद होणारा पलंग. वर मोठा स्टुडिओ, ज्याच्या खिडक्या उत्तरेकडे उघडतात, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. संग्रहाच्या खोलीत शिंपले, पोवळी, शस्त्रं, रोमन सम्राटांचे प्लास्टरचे मुखवटे, इतर चित्रकारांच्या कामाचे अल्बम. त्याहून वर माळ्यावर शिष्यांच्या जागा. आणि हे मजले जोडणारे जिने अरुंद, उभे, गोल वळत जाणारे.

'नाइट वॉच' हे त्याचं सर्वांत प्रसिद्ध चित्र १६४२ मध्ये, इथे राहत असतानाच पूर्ण झालं. त्याच वर्षी सास्किया गेली. पुढे घराचे पैसे फिटेनात. १६५६ मध्ये त्याला दिवाळखोरी जाहीर करावी लागली. त्या जुलै महिन्यात अधिकारी घरात शिरले आणि खोली-खोलीप्रमाणे सामानाची यादी केली. एकूण ३६३ नोंदी. सगळं लिलावात गेलं, १६५८ मध्ये घरही विकलं गेलं. उरलेलं आयुष्य त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला, रोझेनग्राख्तवरच्या भाड्याच्या घरात काढलं आणि १६६९ मध्ये वारला. त्या भाड्याच्या घरात त्याने काही फार मोठी चित्रं केली, पण ते घर आज उभं नाही. जपलं गेलं ते त्याच्या भरभराटीचं घर.

आता जपलं गेलं म्हणजे काय झालं, ते बघू. पुढच्या अडीचशे वर्षांत मालक बदलत गेले, आतल्या भिंतीही बदलत गेल्या. १९०६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम शहराने ते विकत घेतलं. वास्तुविशारद दे बाझेल यांनी त्याची दुरुस्ती केली आणि १९११ मध्ये तिथे संग्रहालय सुरू झालं. तेव्हाचा भर रेम्ब्रांटच्या एचिंग्ज दाखवण्यावर होता, त्याचा संसार पुन्हा मांडण्यावर नव्हता. ते काम विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी झालं. १९९८ मध्ये शेजारी नवी इमारत उभी राहिली आणि जुन्या घराचा आतला भाग पुन्हा रेम्ब्रांटच्या काळासारखा करण्यात आला. त्यासाठी मुख्य आधार होता १६५६ च्या त्या यादीचा. कुठल्या खोलीत काय होतं, हे लिलावासाठी आलेल्या माणसांनी नेमकं लिहून ठेवलं होतं. आज तिथे दिसणारं सामान साधारण त्या काळातलं आहे, पण रेम्ब्रांटच्या हाताखालचं नाही.

ज्या घरातून त्याला बाहेर काढलं, ते घर त्याला बाहेर काढतानाच्या कागदांवरून पुन्हा उभं राहिलं आहे.

आहे तसं म्हणजे कसं?

'जुन्या वास्तूला हात लावता येत नाही' हे वाक्य मी अनेक देशांत, अनेक भाषांत ऐकलं आहे. ऐकायला ते निसर्गनियमासारखं वाटतं. पाऊस वरून खाली पडतो, तसं जुन्या वास्तूत रॅम्प बसत नाही.

पण रेम्ब्रांटच्या घराचाच इतिहास बघा. तिथे हात लावलेला आहे. पुन्हा पुन्हा, विचारपूर्वक, अभ्यास करून लावलेला आहे. अनेक वर्षांच्या अनेक रूपांपैकी एक रूप निवडलं गेलं आणि बाकीची बाजूला ठेवली गेली. रेम्ब्रांटनंतर तिथे राहिलेल्या माणसांच्या भिंती कुणी जपल्या नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण आपल्याला रेम्ब्रांट बघायचा असतो. मुद्दा इतकाच, की जतन ही निवड असते. काय ठेवायचं, काय काढायचं, काय नव्याने करायचं, हे कुणीतरी टेबलाभोवती बसून ठरवतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे जुन्या सिस्टिमला 'लेगसी' म्हणतात आणि 'लेगसी आहे, बदलता येत नाही' हे आमचंही आवडतं वाक्य आहे. सहा महिन्यांनी मोठ्या क्लायंटची मागणी आली की तीच सिस्टिम बदलते. म्हणजे 'बदलता येत नाही' याचा अर्थ बऱ्याचदा 'यासाठी बदलावंसं वाटत नाही' असा असतो. जुन्या वास्तूंमध्ये विजेच्या तारा जातात. आग लागली तर वाजणारे अलार्म, कॅमेरे, पर्यटकांसाठी स्वच्छतागृहं येतात. सतराव्या शतकात यातलं काहीच नव्हतं. हे बदल आपल्या डोळ्यांना खुपत नाहीत, कारण ते ज्यांच्यासाठी केले ती माणसं येणार हे आपण गृहीत धरलेलं असतं.

इथे दुसऱ्या बाजूचं म्हणणंही नीट ऐकलं पाहिजे, कारण ते पोकळ नाही. समजा त्या घराच्या मधोमध लिफ्टसाठी चौकोन कापला. स्टुडिओचा एक कोपरा गेला, माळ्याच्या तुळया गेल्या. मग मी वर पोहोचेन, पण ज्या घरात पोहोचायचं होतं ते घर तिथे नसेल. सगळ्यांना समान मिळावं म्हणून सगळ्यांचंच कमी करणं हा न्याय मला मान्य नाही. जिना हाही घराचा भाग आहे. एकोणीस-वीस वर्षांचे शिष्य कॅनव्हास सावरत त्या वळणावरून कसे गेले असतील, हे तो अरुंद जिना बघूनच कळतं. वास्तुजतनाच्या क्षेत्रात १९६४ चा व्हेनिस करार आधारभूत मानला जातो. नवं काम जुन्यापासून वेगळं ओळखू यावं, असं त्यात म्हटलं आहे. जुन्या घराच्या शेजारी, वेगळ्या रूपाची, लिफ्ट असलेली नवी इमारत हे त्याच विचाराशी जुळणारं उत्तर आहे. रेम्ब्रांटची जवळजवळ सगळी एचिंग्ज या संग्रहालयाकडे आहेत आणि ती बघायला मला कुठलाही जिना चढावा लागला नाही.

म्हणजे प्रश्न 'जिना की लिफ्ट' इतका सोपा नाही. तो कुठे अवघड होतो, ते सांगते.

उपवास आणि उपासमार

जाण्याआधीच मला जिन्यांची कल्पना होती. तिकडच्या कर्मचाऱ्यांनीही नीट, कीव न आणता सांगितलं. मी तळमजला बघितला आणि थांबले. आई म्हणाली, "तू बस निवांत. मी वर जाऊन व्हिडिओ काढून आणते."

ती गेली. बऱ्याच वेळाने आली. व्हिडिओ आठ मिनिटांचा होता. त्यात पायऱ्या, आईचा अंगठा, पायऱ्या, छत आणि पुन्हा अंगठा होता. आम्ही दोघी खूप हसलो. मग ती शेजारी बसून सांगायला लागली. "खिडक्या खूप मोठ्या आहेत गं. ऊन नाही येत आत, पण उजेड असा सगळीकडे सारखा. रंगाचं सामान मांडून ठेवलंय, आपल्याकडे मसाले वाटतात तसा एक दगड आहे रंग वाटायला." तिने पाट्या वाचल्या नव्हत्या, पण जे बघितलं ते माझ्यासाठी बघितलं होतं. तिच्या सांगण्यातून मला खोली दिसली, व्हिडिओतून दिसली नव्हती.

आता कुणी म्हणेल, मग झालं की काम! घरबसल्या ३६० अंशांत फिरता येणाऱ्या व्हर्च्युअल टूर असतात, हेडसेट असतात. प्रत्यक्ष जायचा हट्ट कशाला? मी स्वतः हे असलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे हा प्रश्न मला हसण्यावारी नेता येत नाही.

गंमत म्हणजे रेम्ब्रांटही असाच बघणारा होता. त्या काळच्या चित्रकारांसाठी इटलीची वारी जवळजवळ सक्तीची मानली जायची. राफाएल, मायकेलअँजेलो बघितल्याशिवाय शिक्षण पुरं होत नाही असा समज. रेम्ब्रांट कधीच गेला नाही. कॉन्स्टंटाइन हायगेन्स या तत्कालीन दरबारी माणसाने तरुण रेम्ब्रांट आणि त्याचा मित्र लीव्हन्स यांच्याबद्दल लिहून ठेवलं आहे, की आम्हाला प्रवासात घालवायला वेळ नाही, असं ही पोरं म्हणतात. इटली त्याने छापील चित्रांच्या अल्बममधून बघितली. हिंदुस्थान तर त्याहून लांब. तरी मुघल लघुचित्रांवरून त्याने केलेली वीसहून जास्त रेखाटनं आज उपलब्ध आहेत. शाहजहान, जहांगीर यांच्या दरबारातल्या आकृती त्याने जपानी कागदावर उतरवल्या. आग्रा त्याने पाहिलं नाही, पण कागदावर पाहिलेल्या माणसांचे अंगरखे आणि त्यांची उभं राहण्याची ढब त्याने बारकाईने टिपली.

म्हणजे न जाता बघणं हे कमी दर्जाचं बघणं असतं, असं काही नाही. रेम्ब्रांट त्याचा पुरावा आहे. मग मला व्हिडिओ पुरेसा का वाटू नये?

याचं उत्तर मला अमर्त्य सेन यांच्या एका उदाहरणात सापडलं. एक माणूस उपवास करतो आहे आणि दुसऱ्याची उपासमार होते आहे. दोघांच्या पोटात अन्न नाही. शरीरशास्त्राच्या दृष्टीने दोघांची अवस्था सारखी. पण पहिल्यासमोर ताट आहे आणि त्याने ते बाजूला सारलं आहे. दुसऱ्यासमोर ताटच नाही. सेन म्हणतात, माणसाकडे काय आहे एवढंच मोजू नका, त्याला काय करणं शक्य होतं तेही मोजा. एकादशी आणि दुष्काळ यांतला फरक आपल्या लोकांना वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

रेम्ब्रांटने इटलीचा उपवास केला. त्याला कुणी म्हटलं नाही, की तुझ्यासारख्याला अल्बम पुरे आहे. 'तुम्हाला व्हर्च्युअल टूर आहे की!' हे वाक्य मला टोचतं ते एवढ्यासाठी. टूर वाईट नसते. माझ्या वतीने कुणीतरी ठरवून टाकलेलं असतं, की हिच्यासाठी एवढं बास.

दारातली भीक

याच घरात राहत असताना, १६४८ मध्ये रेम्ब्रांटने एक छोटं एचिंग केलं. एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईने त्यावर रेघा ओढायच्या, पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे थर खरवडला आहे तिथे आम्ल तांबं खातं. त्या खाचांत शाई भरायची आणि वर कागद दाबायचा. या चित्रात एका घराच्या दारात म्हातारा उभा आहे आणि बाहेर एक भिकारी कुटुंब. पाठीवर बाळ घेतलेल्या बाईच्या हातात तो नाणं ठेवतो आहे.

रेम्ब्रांटने भिकारी, कुबड्या घेतलेली, लाकडी पायाची माणसं तरुणपणापासून काढली. त्याच सुमाराच्या 'शंभर गिल्डरचं चित्र' या प्रसिद्ध एचिंगमध्ये येशूभोवती आजाऱ्यांची गर्दी आहे. कुणी चटईवर आडवं, कुणाला हातगाडीवरून आणलेलं. या माणसांना तो हास्यास्पद करत नाही. म्हणून ही चित्रं मला जवळची वाटतात.

पण दारातल्या त्या चित्राकडे मी जास्त वेळ बघत राहिले. म्हातारा दयाळू आहे. त्याचा चेहरा, त्याचं वाकणं, सगळ्यात माया आहे. आणि तरी चित्राची सगळी रचना उंबऱ्यावर उभी आहे. म्हातारा आत, कुटुंब बाहेर. नाणं उंबरा ओलांडतं, माणसं ओलांडत नाहीत.

अपंग माणसाला जगात चांगुलपणा भरपूर मिळतो. हे मी उपहासाने म्हणत नाही. आपल्याकडच्या एका जुन्या वाड्यातल्या संग्रहालयात चौघे जण धावत आले होते. "ताई, काय टेन्शन घेता, आम्ही उचलून नेतो ना खुर्चीसकट!" त्यांच्या मनात निव्वळ प्रेम होतं. मी नको म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, मला अवघडल्यासारखं झालं. कारण उचलून नेलेल्या माणसाला थांबता येत नाही. वळणावर एखादं कोरीवकाम आवडलं, तर चार जणांच्या खांद्यांना कळ लागत असताना 'जरा थांबा' म्हणता येत नाही. बघण्याचा वेग आपला राहत नाही. आणि दोन तासांनी खाली यायचं झालं, तर तेच चौघे रिकामे असतील का, हा हिशोब मनात चालू राहतो.

उचलून घेणं स्वतःतच अपमानास्पद असतं, असं मात्र नाही. फ्रान्समध्ये कान्यं-सुर-मेर इथे रेन्वार या चित्रकाराचं घर आहे. त्याने ती जागा १९०७ मध्ये घेतली आणि १९१९ मध्ये मरेपर्यंत तो तिथे राहिला. संधिवाताने त्याचे हात वाकडे झाले होते, शेवटची वर्षं तो चाकांच्या खुर्चीत होता. १९१५ चं एक मूक चित्रीकरण आहे, त्यात तो त्या वाकलेल्या बोटांत ब्रश धरून रंगवताना दिसतो. घरची माणसं त्याला खुर्चीत बसवून उचलून बागेत नेत, तिथे त्याच्यासाठी काचेचा स्टुडिओ बांधला होता. पण कुठे न्यायचं, कुठे टेकवायचं हे तो सांगत असे. घर त्याचं होतं.

त्याच्यासाठी केलेली आणखी एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. मोठ्या कॅनव्हासच्या वरच्या भागापर्यंत त्याचा हात पोहोचत नसे. मग कॅनव्हास दोन रुळांवर गुंडाळून बसवला आणि हँडल फिरवलं की तो वर-खाली सरके. हव्या त्या जागेपर्यंत रेन्वारला उचलायचं, की हवी ती जागा त्याच्यासमोर आणायची? कुणीतरी दुसरा प्रश्न विचारला, आणि एक म्हातारा शेवटपर्यंत माणसाएवढ्या आकृती रंगवत राहिला.

दया आणि रचना यांतला फरक मला इथे दिसतो. दया दरवेळी नव्याने मागावी लागते आणि देणाऱ्याच्या मूडवर अवलंबून असते. रचना एकदा केली की ती आभार मागत नाही. रॅम्पला कुणी थँक्यू म्हणत नाही.

चढण्याची पुण्याई

आपल्या मराठी मनात एक जास्तीची अडचण आहे. चढण्याला आपण नैतिक किंमत देतो. रायगडावर १९९६ पासून रोपवे आहे, पण रोपवेने जाऊन आलेल्याला मित्र अजूनही म्हणतात, "मग काय रायगड केलास तू!" घाम गाळला तरच दर्शनाचं पुण्य, असं काहीतरी आपल्यात खोल रुजलेलं आहे.

या भावनेला मी तुच्छ मानत नाही. गडाच्या बाबतीत चढण हा अनुभवाचा गाभा असू शकतो. तो अवघड असावा म्हणूनच तर तिथे बांधला. पण मग प्रत्येक जागेबद्दल वेगळं विचारावं लागेल, की इथे चढणं हाच अर्थ आहे, की तो केवळ अर्थापर्यंत जायचा रस्ता आहे? रेम्ब्रांट जिना चढायचा तो कामावर जायला. त्याच्यासाठी तो आपल्या ऑफिसच्या लिफ्टइतकाच निरर्थक होता. त्या जिन्याला तपश्चर्या आपण बनवलं आहे.

आई संध्याकाळी ट्राममध्ये म्हणाली, "उतरताना माझेही पाय लटपटले. दहा वर्षांनी मलाही नाही जमायचं." सुगमतेची बाजू मांडताना लोक हाच मुद्दा हमखास वापरतात: तुम्हीही म्हातारे होणार आहात, आज ना उद्या तुम्हालाही रॅम्प लागेल. मुद्दा खरा आहे, उपयोगी आहे, पण तो मुख्य मुद्दा झाला की मला अस्वस्थ वाटतं. समजा तुम्ही कधीच म्हातारे होणार नसाल, तरी मला आत घेणं तुमचं देणं लागतं की नाही? तुमच्या भविष्यातल्या गुडघ्यांच्या भरवशावर माझा हक्क उभा राहू नये.

शक्य तितकं

संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांबद्दलचा करार २००६ चा. भारताने तो २००७ मध्ये मान्य केला, नेदरलँड्सने २०१६ मध्ये. त्यातलं तिसावं कलम सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे. नाट्यगृहं, संग्रहालयं, ग्रंथालयं यांत प्रवेश मिळावा असं ते सरळ म्हणतं. पुढे राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचा उल्लेख येतो तिथे मात्र एक छोटी भर पडते: शक्य तितक्या प्रमाणात. आता कलावंताचं घर हे संग्रहालयही असतं आणि स्मारकही. त्याला कुठला नियम लावायचा? माझ्या मते सगळी नैतिक कसोटी त्या 'शक्य तितकं'मध्ये दडलेली आहे. काय शक्य आहे, हे कोण ठरवणार?

आपल्याकडे २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेबद्दलच्या एका नियमाला बेकायदा ठरवलं, कारण तो बंधनकारक मापदंड देण्याऐवजी निव्वळ मार्गदर्शक सूचनांवर भागवत होता. सूचना पाळल्या तर छान, नाही पाळल्या तरी चालतं. दारातल्या नाण्यासारखंच.

मला काय हवं आहे, ते सांगते. प्रत्येक जुन्या घरात लिफ्ट हवी असं मी म्हणत नाही. जिथे नाही जमणार तिथे 'नाही जमत' हे घरातून निघण्याआधी कळावं. किती पायऱ्या, कठडा कुठल्या बाजूला, बसायला जागा कुठे, दरवाजा किती रुंद. 'अंशतः सुगम' या दोन शब्दांवर माझी बॅटरी खर्च होऊ नये. वरच्या मजल्याला पर्याय द्यायचा असेल, तर तो आईने सांगितलं तसा असावा, कुणीतरी माझ्यासाठी बघून केलेला. आठ मिनिटं पायऱ्या आणि अंगठा असा नसावा. आणि दुरुस्तीचा आराखडा ठरतो त्या टेबलाभोवती, वास्तुतज्ज्ञ आणि इतिहासकारांच्या शेजारी, कुबडीवाली, खुर्चीवाली, न दिसणारी माणसंही बसलेली असावीत. त्यांनी मिळून विचार केल्यावर उत्तर 'नाही' आलं, तर ते नाही मी मान्य करीन. आम्हीही घरावर प्रेम करतो. आम्हालाही तुळया कापायच्या नाहीत.

असा नकार वेगळा असतो. त्यात मला आधी मोजलेलं असतं. आज बहुतेक ठिकाणी मी पोहोचते तेव्हा त्यांना पहिल्यांदा कळतं, की अशीही माणसं चित्रं बघायला येतात.

त्या १६५६ च्या यादीत ३६३ नोंदी आहेत. शिंपल्यापासून सम्राटाच्या मुखवट्यापर्यंत त्या घरात काय काय होतं, ते सगळं आपण मोजून ठेवलं. वस्तूंच्या बाबतीत आपण इतके काटेकोर असतो. येणाऱ्या माणसांची यादी करायची वेळ आली, की आपला हात आखडतो आणि आपण 'शक्य तितकं' लिहून मोकळे होतो.